सोमवारची कबर

१

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी किलारेनच्या पडक्या मठातून एक शिळा नाहीशी झाल्याचं उघड झालं. शिळा तेराव्या शतकातली, हातभर रुंद, दोन माणसांनी दम खात उचलावी अशी. तिच्यावर छातीशी हात धरून झोपलेलं एक लेकरू कोरलेलं होतं. डब्लिनच्या संग्रहालयातून मिस हेस्टर गॅहन त्या सकाळी ती न्यायलाच आली होती. तिला सापडला फक्त शिळेच्या मापाचा एक फिकट आयत आणि त्यावर पळणारे किडे.

गावातलं कुणी त्या जागेला मठ म्हणत नाही. पाच बुरूज म्हणतात. साधू गेले, छप्पर गेलं, पण तटबंदी सलग उभी आहे आणि आत मेंढ्या चरतात. मेंढ्या डिनी ब्रॉफीच्या. दाराच्या कुलपाची किल्लीही त्याच्याचकडे. दाराखेरीज आत जायला तटात एक पायऱ्यांची खिंड आहे. तिच्यातून माणूस कसाबसा आडवा होऊन जातो. शिळा जाणं शक्य नाही.

त्या सकाळी दार उघडायला डिनी स्वतः आला होता, काळा टाय लावून. त्याची बायको ब्रीडा रविवारी पहाटे गेली होती आणि घरात शवपेटीशी लोक बसलेले होते.

सार्जंट इमन हॅकेट चौकीतून आला तेव्हा डिनी टोपी हातात धरून मेंढ्यांकडे बघत उभा होता.

"डिनी, तू कशाला आलास? किल्ली पाठवायची कुणाबरोबर तरी."

"आलो," डिनी म्हणाला. "घरात फार माणसं झालीत."

"कुलूप?"

"जसंच्या तसं."

"इथं कुणी दिसलं होतं?"

डिनीनं टोपी एकदा गोल फिरवली. "रविवारी दुपारी कॉलीची घोडागाडी दारापाशी उभी होती. बाकी मला माहीत नाही."

तेवढं पुरेसं झालं. पॅकी कॉली हा फिरस्ता. गेल्या वसंतापासून त्याची राहती गाडी पुलाच्या रस्त्याकडेला होती. फिरस्त्यांचे बाप-आजे भांड्यांना कल्हई लावत. तो धंदा बुडून जमाना झाला, तरी गाव त्यांना कल्हईवालेच म्हणतं आणि ते ज्या सुरात म्हणतं तो सूर बदललेला नाही. अकराच्या आत हॅकेटनं कॉलीला लालरबाईंच्या दुकानासमोरून, पाव घेऊन बाहेर पडताना, गाडीत घातलं.

"कुलूप न तोडता उघडलं म्हणजे कुणाचं काम ते सांगायला नको!" लालरबाई दारातूनच म्हणाल्या. "बरं झालं सार्जंट. आता चर्चमधले पेले तरी राहतील."

कॉलीच्या हातातला पाव रस्त्यावर पडला. तो कुणी उचलला नाही.

२

"दगड विकत नाही मी," कॉली म्हणाला. "भंगार विकतो. तुमचंच बॉयलर नेलं होतं ना मार्चमध्ये? तेव्हा नाही वाटलं मी चोर?"

"रविवारी तिथं कशाला थांबला होतास?"

"घोड्याला पाणी पाजायला."

"पाणी पुलाखाली आहे, पॅकी. तटापाशी नाही."

कॉलीनं बाहीचं बटण लावलं. चाळिशीतला, लाल मानेचा, धुतलेल्या शर्टातला माणूस. मग तो खाली बघत म्हणाला, "नॅनला जायचं होतं आत. नववा भरलाय तिचा. दिवस भरले की बाया त्या दगडातल्या पोराला हात लावून येतात. तुम्हाला माहीत नाही असं सांगू नका."

हॅकेटला माहीत होतं. किलारेनमधल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी बोलत नसे. बाया खिंडीतून एकट्या जात, एकट्या येत.

"आत आणखी कुणी होतं?"

"नॅनला विचारा."

"तुला विचारतोय."

"मग मला काही दिसलं नाही." हे त्यानं फार पटकन सांगितलं.

साहेबांचा फोन आला तेव्हा बारा वाजले होते. सहाच्या आत गुन्हा दाखल करा, नाहीतर सोडून द्या. गुन्हा दाखल झाला तर जिल्हा कचेरीतले काउंटीवाले त्याच दिवशी राहती गाडी रस्त्यावरून ओढून नेणार होते. त्यांचा हुकूम उन्हाळ्यापासून तयारच होता, फक्त निमित्त हवं होतं. हॅकेट खिडकीशी गेला. नॅन कॉली चौकीसमोरच्या भिंतीवर पोटावर हात ठेवून बसली होती.

"तिला आत बसव, चहा दे," त्यानं हाताखालच्या गार्ड टूमीला सांगितलं.

"विचारलं मी," टूमी म्हणाला. "म्हणते, तुमच्या छपराखाली नको. आणि सार्जंट... त्यांच्या गाडीची काच फोडलीय कुणीतरी. तासाभरापूर्वी."

३

जेवायला तो घरी गेला. आई, किटी हॅकेट, ब्रॉफींच्या घरून नुकतीच आली होती; अंगावर काळा कोट तसाच. स्वयंपाकघरात बटाटे, गाजर आणि खारवलेलं डुकराचं मांस. तो नेहमीच्या जागी बसला, कपाटाकडे तोंड करून. जुनं देवदारी कपाट, पांढऱ्या चिनी मातीच्या मुठींचे तीन खण. चौथ्याच्या जागी चौकड्यांचं फडकं टांगलेलं आणि फडक्यामागे मेणबत्त्या. लहानपणी तो विचारायचा, चौथा खण कुठं गेला? आई म्हणायची, उंदरांनी खाल्ला. घरातला तो कायमचा विनोद होता.

"ब्रीडा छान दिसते," आई म्हणाली. "दुखणं पुसून गेलंय चेहऱ्यावरचं. सहाला चर्चमध्ये नेणार. बरं झालं, दफन बुधवारी ठेवलं. मंगळवारचं ठेवलं असतं तर सोमवारी कबर खणावी लागली असती, आणि सोमवारची कबर अशुभ."

"रविवारी गवताचा एक ढपला उलटून ठेवला की सोमवारी खणायला चालतं ना?"

"चालतं. मग कबर रविवारीच उघडली असं धरतात. पण वेळ न आलेली बरी." तिनं त्याच्या ताटात आणखी एक बटाटा घातला. "तो कॉली काही बोलला का रे?"

"नाही."

"बायको पोटुशी आहे त्याची."

"ठाऊक आहे, आई."

"मी आपलं म्हटलं." ती पाणी ठेवायला उठली. "डिनीचं मात्र कळत नाही मला. जॅक फिलन काल संध्याकाळी त्याच्या मेंढ्यांना चारा घालायला निघाला, तर डिनी म्हणतो, नको, मी घालून आलो. चिखलानं भरलेले बूट! बायको घरात निजलेली आणि हा मेंढ्यांत. जॅकला वाईट वाटलं. शेजारी असतात कशाला मग?"

हॅकेटचा काटा ताटाजवळ थांबला.

ज्या घरी मयत होते तिथला माणूस गुरांना हात लावत नाही. दूध, चारा, अंडी, सगळं शेजारी बघतात. न सांगता येतात, न सांगता करतात. वडील गेले तेव्हा हॅकेटच्या घरच्या गायीची धार फिलननंच काढली होती. हे किलारेनमध्ये कुणाला शिकवावं लागत नाही.

आणि डिनी ब्रॉफी सोमवारी चारा घालायला स्वतः गेला होता. मंगळवारी किल्ली घेऊन स्वतः आला होता.

"जेव ना," आई म्हणाली. पण तो टोपी शोधत होता.

४

मिस गॅहन तटाच्या सावलीत टिपणं घेत बसली होती. तिशीची, चष्मेवाली, सकाळपासून थंडीत.

"तुमचा माणूस बोलला का?"

"शिळा बाहेर कशी गेली असेल, मिस गॅहन?"

"सकाळी मी तेच विचारत होते. तुम्ही ऐकायला थांबला नाहीत." तिनं खिंडीकडे पेन दाखवलं. "तिथून नाही. दारातून न्यायची तर किल्ली हवी. कुलपावर ओरखडा नाही. मला विचाराल तर ती बाहेर गेलीच नाही."

हॅकेटनं आत सगळीकडे नजर फिरवली. मेंढ्या उत्तरेच्या कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या. तिथं काटेरी फांद्यांचं कुंपण असायचं. आज ते बाजूला ओढलेलं होतं. जमिनीवर चावलेल्या सलगमांचे तुकडे पडले होते.

त्या कोपऱ्यात डिनी कधी मेंढ्या सोडत नसे. त्याचा बापही सोडत नसे. बाप्तिस्मा होण्याआधी गेलेल्या मुलांना पवित्र जमिनीत जागा नव्हती. बाप त्यांना दिवस मावळल्यावर कोटाखाली घेऊन येत आणि या कोपऱ्यात ठेवून जात. खूण कुणी ठेवत नसे. आया कधी येत नसत. निदान मुलाजवळ नाही. त्या दगडातल्या लेकराजवळ येत.

"चारा इथंच का टाकला?" मिस गॅहननं विचारलं.

"मेंढ्यांनी तुडवावं म्हणून." त्यानं हातांनी मेंढ्या हाकलल्या.

खुरांखाली जमीन कालवलेली होती, तरी कडा सापडल्या. गवताचे ढपले कापून, काढून, पुन्हा बसवलेले. बहुतेकांच्या कडा धारदार होत्या. एकाच्या मात्र, अगदी उशाकडच्या, पावसानं धुऊन गोल झालेल्या. आणि उचलून पाहिला तर त्याचं गवत दबून पिवळं पडायला लागलं होतं.

"हा एक आधी कापलाय," मिस गॅहन म्हणाली. "पाऊस कधी झाला?"

"रविवारी तिन्हीसांजेला. त्यानंतर नाही."

"म्हणजे रविवारी एकच कापला, उलटा ठेवला आणि निघून गेला? बाकीचं सोमवारी? असं अर्धवट कोण करतं?"

हॅकेट गुडघ्यांवर बसला होता. उत्तर त्याला लहानपणापासून माहीत होतं. चोराला वार नसतो. ज्याला काही पुरून ठेवायचं असतं त्यालाही नसतो. सोमवारी खणण्याआधी रविवारी ढपला उलटून ठेवतो तो एकच माणूस: ज्याला कबर उघडायची आहे.

जॅक फिलनच्या चाऱ्याचं, किल्लीचं, कुंपणाचं — यातलं काहीही गावातल्या कुणाही पोराला उमगलं असतं. त्याला उमगलं नव्हतं, कारण सकाळी तो पुलाच्या रस्त्याकडे बघत होता.

त्यानं आणखी दोन ढपले उचलले. खाली माती नव्हती. दगड होता, आणि दगडावर कोरलेला एक छोटा हात.

मिस गॅहन पुढं वाकली, मग मागं सरली. "याच्याखाली काय आहे?"

"त्यावर तुम्ही काही लिहू नका," हॅकेट म्हणाला. "आज तरी."

५

ब्रॉफींच्या घरातून कपबशांचा आणि जपमाळेचा आवाज येत होता. डिनीला त्यानं गाडीखान्यात बोलावलं. डिनीनं त्याच्या गुडघ्यांवरचा चिखल पाहिला आणि नांगराच्या दांड्यावर बसला.

"कळलं म्हणजे तुला."

"तू सांग."

"मुलगी होती. एकेचाळीस वर्षं झाली. रडली नाही, श्वास घेतला नाही. मी तेव्हाच्या पाद्र्याला विचारलं, स्मशानाच्या कडेला, अगदी भिंतीलगत ठेवू का? तो म्हणाला, तुला कळत नाही का ब्रॉफी, काय विचारतोस ते?" डिनीनं टायची गाठ सैल केली. "ब्रीडा दरवर्षी विचारायची, जागा आठवते ना? मी म्हणायचो, आठवते. शनिवारी रात्री म्हणाली, तिला माझ्याजवळ आण. पेटीत माझ्या कुशीत ठेव. मी म्हटलं, आणतो."

"आणि?"

"जागा आठवत नव्हती, इमन. एका काटेरी झाडाखाली ठेवली होती. झाड एकसष्टच्या वादळात गेलं. त्यानंतर मला कधीच ठाऊक नव्हतं. तीस वर्षं तिच्या तोंडावर खोटं बोललो."

बाहेर कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"अंदाजानं खणलं. पेटी लागली, पण आमची नव्हती. आमची मी लोण्याच्या खोक्याच्या फळ्यांची केली होती. हा कपाटाचा खण होता. बरा टिकलेला, देवदाराचा. पुढं पांढरी चिनी मूठ."

नांगराच्या फाळाला गंज चढला होता. हॅकेट त्याकडे बघत राहिला.

"कुणाचं ते कोण सांगणार," डिनी म्हणाला. "पुढं खणवेना. प्रत्येक घाव कुणाच्या तरी लेकरावर. होतं तसं ठेवलं. मग मनात आलं, तो दगड उद्या डब्लिनला जाणार. तिथं काचेत राहील. इथं या सगळ्यांना एक अक्षर नाही. पहारीनं रेटून ढकलगाडीवर चढवला, आणला आणि वर ठेवला."

"आणि कॉली?"

डिनीनं तोंड दोन्ही हातांत धरलं. "मी फक्त म्हणालो गाडी होती."

"तू त्याच वेळी आत होतास. त्यानं तुला पाहिलं असेल."

"पाहिलं. त्याच्या बायकोनंही पाहिलं. कुदळ हातात होती माझ्या." त्यानं हात खाली घेतले. "मला वाटलं, दोन दिवस ठेवतील, सोडतील. कल्हईवाल्यांना सवय असते. असं आलं माझ्या मनात. ब्रीडा आत निजलेली असताना हे असं आलं."

"सकाळी माझ्याही मनात आलं," हॅकेट म्हणाला.

६

कॉलीला सोडलं तेव्हा साडेपाच होत होते.

"डिनीला पाहिलंस, हे सांगितलं का नाहीस?"

"बायको घरात मेलेली असताना माणसाचं नाव चौकीत द्यायचं?" कॉली बुटांच्या नाड्या बांधत होता. "आमच्यात नाही तसं. तुमच्यात असेल."

"गुन्हा नाही काही. तू जाऊ शकतोस."

"जातो की. पण मला लालरच्या दुकानासमोर गाडीत घातलंत, सगळ्यांदेखत. चौकीच्या मागच्या खोलीत सोडताय. जिथं घातलंत तिथं सांगा."

"सांगेन."

"कुणाचं काम होतं तेही सांगाल?"

हॅकेटनं दार उघडून धरलं. कॉलीनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली, जशी एखादं फुटकं भांडं तपासून परत देताना हलवावी. बाहेर नॅन भिंतीवरून उतरली. दोघं एकमेकांशी न बोलता पुलाकडे चालू लागली.

सहाला ब्रीडाची पेटी चर्चच्या दारी आली. खांदा देणाऱ्यांत डिनी पहिला. प्रार्थना आटोपून लोक फाटकापाशी रेंगाळले, तेव्हा हॅकेट रस्ता ओलांडून लालरबाईंच्या दुकानाच्या पायरीवर चढला. आयुष्यात त्यानं कधी भाषण केलं नव्हतं.

"शिळा सापडली," तो म्हणाला. "तटाच्या आतच होती. चोरी झालेलीच नाही. पॅकी कॉलीचा काही संबंध नाही. त्याला उचलणं ही माझी चूक होती."

"मग कुणी हलवली?" लालरबाईंनी विचारलं. "दगडाला पाय फुटले?"

चार जण हसले.

"आत म्हणजे कुठं सापडली, ते तरी सांगा!"

हॅकेटनं गर्दीकडे पाहिलं. डिनी कोटाचं बटण चाचपत होता. तो एक पाऊल पुढं आला आणि थांबला. गावचे पाद्री कॅनन फेनेली यांची नजर जमिनीवर होती. आणि हॅकेटच्या लक्षात आलं की पन्नाशीपुढची एकही बाई विचारत नव्हती, कुठं. त्या सगळ्या हातमोजे घालत होत्या, रुमाल बांधत होत्या. त्यांच्यात त्याची आई होती.

सत्य सांगायला एक वाक्य लागलं असतं. ते त्याच्या तोंडात तयार होतं.

"तटाच्या आत," तो पुन्हा म्हणाला आणि पायरी उतरला.

"म्हणजे कल्हईवाल्यानं भिऊन परत टाकली," मागून कुणीतरी म्हणालं. "आणि सार्जंट पांघरूण घालतोय."

७

बुधवारी ब्रीडाचं दफन झालं. ती एकटीच गेली.

शुक्रवारी काउंटीवाले हुकूम घेऊन पुलाच्या रस्त्यावर पोचले, तेव्हा तिथं चाकांच्या खुणा आणि थोडी काच उरली होती. कॉली कुठं गेले, नॅनचं काय झालं, हे हॅकेटनं तीन चौक्यांना फोन करून विचारलं. पत्ता लागला नाही.

मिस गॅहनचा अहवाल अजून यायचा आहे. तिनं फोनवर एवढंच विचारलं, की तिला नक्की काय सापडलं असं तिनं लिहावं. हॅकेट म्हणाला, विचार करून सांगतो.

रविवारी दुपारी तो पाच बुरुजांत गेला. दाराचं कुलूप उघडं होतं. मेंढ्या कुंपणाबाहेर आणि कुंपण जागेवर. शिळेवरचं गवत कुणीतरी काढून टाकलं होतं. लेकरू आता आभाळाकडे तोंड करून होतं. त्याच्या आसपास, एकमेकांपासून अंतर राखून, गवताचे काही ढपले उलटे पडले होते. प्रत्येकाची कापणी वेगळी. एक फावड्याचा, सरळ. एक सुरीनं कापलेला, वेडावाकडा. आणि शिळेच्या अगदी उशाशी एक लहानसा, गोल कोपऱ्यांचा, कोळशाच्या छोट्या फावडीनं उचलावा तसा.

घरी आला तेव्हा कोळशाची छोटी फावडी मागच्या दाराशी धुऊन, पालथी घालून वाळत ठेवलेली होती. आई चुलीशी पाठमोरी उभी होती. कपाटावरचं चौकड्यांचं फडकं काढलेलं होतं आणि चौथ्या खणाची जागा उघडी होती. मेणबत्त्या टेबलावर रचलेल्या होत्या.

"उद्या सुट्टी आहे ना रे तुला?" तिनं न वळता विचारलं.

"आहे."

"बरं," ती म्हणाली.

ही रविवारी संध्याकाळची, सव्वापाचची गोष्ट. उद्या सोमवार.